युद्धातून आलेला शेजारी आणि आपली वस्ती

युद्ध म्हटलं की सरहद्द आठवते, आणि चिकलठाणा सरहद्दीपासून फार लांब आहे. जालना रोड, विमानतळ, एमआयडीसी, सुखना नदी, मिनी घाटी ही आपली ओळख. पण याच शहरातल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात कित्येक वर्षांपासून येमेन, सुदान, इराक इथली मुलं शिकायला येतात. खोल्या भाड्याने घेऊन राहतात, काही जण बायकामुलांना घेऊन येतात. सप्टेंबर २०१४ मध्ये हुथी बंडखोरांनी येमेनची राजधानी सना ताब्यात घेतली आणि २६ मार्च २०१५ पासून त्या देशावर हवाई हल्ले सुरू झाले. सुदानमध्ये १५ एप्रिल २०२३ रोजी लष्कर आणि निमलष्करी दल राजधानीतच एकमेकांवर तुटून पडलं. इथे पीएच.डी. करायला आलेला मुलगा जागचा हलला नाही, त्याचं घर मात्र मागच्या मागे नाहीसं झालं. घरून येणारे पैसे थांबतात, शिष्यवृत्ती अडकते, व्हिसाची मुदत संपत येते आणि परत जायला जागा उरत नाही. पळ न काढता निर्वासित झालेली ही माणसं आहेत.

दुसरी माणसं आपल्याच घरांतली. फेब्रुवारी-मार्च २०२२ मध्ये युक्रेनमधून सुमारे साडेबावीस हजार भारतीय मायदेशी परतले. त्यांत बहुसंख्य वैद्यकीय शाखेचे विद्यार्थी होते आणि मराठी मुलामुलींची संख्या लक्षणीय होती. तळघरात काढलेल्या रात्री, सीमेवरच्या रांगा, मागे राहिलेले मित्र आणि अर्धवट राहिलेली पदवी असं सगळं घेऊन ती आली. विमानतळावर हारतुरे झाले. पुढच्या महिन्यांत त्यांना झोप लागते का, हे किती जणांनी विचारलं?

२०२४ च्या अखेरीस जगभरात युद्ध, छळ आणि हिंसाचार यांमुळे घर सुटलेल्या माणसांची संख्या १२ कोटी ३२ लाख होती. त्यांतली थोडी माणसं आपल्या गल्लीत राहायला आली तर काय करायचं, हे आधीच ठरलेलं असावं. चिकलठाण्यातले शिक्षक, आशा सेविका, बचत गटाच्या ताई, मंडळांचे कार्यकर्ते, कारखान्यांतले मनुष्यबळ अधिकारी आणि भाड्याने खोल्या देणारे घरमालक यांच्यासाठी हे लिहितो आहे. ही व्यवस्था उभी राहिली तर तुमच्याच हातांनी राहील.

मानसिक आधार म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर बंद खोलीतलं समुपदेशन येतं. थोड्यांना त्याची खरीच गरज असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या अंदाजाप्रमाणे संघर्षाच्या छायेत जगणाऱ्या दर पाच माणसांपैकी एकाला नैराश्य, चिंता, आघातोत्तर ताण यांसारखा कुठला तरी मानसिक विकार असतो, आणि साधारण पाच टक्के लोकांचा आजार तीव्र असतो. म्हणजे पाचांतल्या चार जणांना दुःख आहे, भीती आहे, संताप आहे, पण आजार नाही. त्यांना हवं असतं ते डोक्यावर छप्पर, हाताला काम, मुलांना शाळा, घरच्यांची खबरबात आणि आपलं ऐकून घेणारं कुणीतरी. संयुक्त राष्ट्रांच्या आणि इतर मदत संस्थांच्या समितीने २००७ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं तयार केली, त्यांत हीच उतरंड आहे: तळाशी सर्वांसाठी सुरक्षितता आणि मूलभूत गरजा, त्यावर कुटुंबाचा आणि समाजाचा आधार, त्यावर थोड्यांसाठी प्रशिक्षित पण तज्ज्ञ नसलेल्या माणसांची नेमकी मदत, आणि शेंड्यावर मनोविकारतज्ज्ञ. आपल्याकडे सुरुवात बहुधा शेंड्यापासून होते. शिबिर भरतं, तज्ज्ञ येतात, भाषण होतं, फोटो निघतात आणि सोमवारी सगळं जिथल्या तिथे असतं.

वळिवड्याने काय केलं

तळापासून सुरुवात केली तर काय घडतं, याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे, आणि ते कोल्हापूरबाहेर फारसं सांगितलं जात नाही याचं मला वाईट वाटतं. १९४० मध्ये सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधली लाखो माणसं मालगाड्यांत कोंबून सैबेरिया आणि मध्य आशियात नेली. १९४१ नंतर सुटका झाल्यावर त्यांतले काही इराणमार्गे बाहेर पडले. उपासमार, टायफॉइड आणि वाटेत पुरलेली माणसं असा तो प्रवास होता. त्यांतली एक हजारभर मुलं जामनगरजवळच्या बालाचडीत जामसाहेब दिग्विजयसिंहजींच्या आश्रयाला आली, आणि सुमारे पाच हजार माणसं १९४३ पासून कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत राहिली. त्यांत मुख्यतः बायका, मुलं आणि म्हातारी माणसं होती. कर्ते पुरुष सैन्यात होते किंवा हयात नव्हते.

त्या काळात आघातोत्तर ताण हे निदानच अस्तित्वात नव्हतं. तरीही वळिवड्यात जे उभं राहिलं ते आजच्या कुठल्याही मार्गदर्शक पुस्तिकेला साजेसं आहे. कौलारू छपरांच्या लांबच लांब बराकींत प्रत्येक कुटुंबाला स्वतःची जागा मिळाली, स्वतःची चूल मिळाली. प्राथमिक आणि माध्यमिक शाळा पोलिश भाषेत सुरू झाल्या, शिक्षक छावणीतलेच. चर्च होतं, दवाखाना होता, अनाथ मुलांसाठी वसतिगृह होतं, नाटकं बसायची, स्काउटची पथकं निघायची. छावणीचा कारभार पोलिश माणसंच पाहत होती. बाजाराला कोल्हापूरकर येत, मुलं पंचगंगेवर जात. १९४८ पर्यंत ही वस्ती टिकली. मग माणसं ब्रिटनला आणि आणखी कुठे कुठे पांगली, आणि त्यांतले अनेक जण म्हातारपणी पुन्हा कोल्हापूर पाहायला आले. महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे. पोलिश माणसं गेल्यावर त्याच जागेत फाळणीने घरदार गमावलेली सिंधी कुटुंबं आली आणि आजचं गांधीनगर उभं राहिलं. कापडाच्या घाऊक बाजारासाठी आपण ज्याचं नाव घेतो, ते हेच गाव.

वळिवड्याकडून घ्यायचं ते हे. त्या माणसांना तिथे रोजचा दिवस मिळाला. सकाळी उठून जायला शाळा होती, करायला काम होतं, सण होते, भांडायला आपलीच समिती होती. त्यांच्यासाठी निर्णय घेणारे बहुतेक त्यांच्यातलेच होते. आणि हे एका आठवड्याचं शिबिर नव्हतं, पाच वर्षं चाललं.

उलट बाजू मराठवाड्यात दिसते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि नंतर ५२ गावं पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. घरं भक्कम झाली. पण आखणी शहरी वसाहतीसारखी सरळ रेषांची, रुंद रस्त्यांची झाली. भावकी, आळी, ओट्यावर बसणाऱ्या बायका, वाड्याची चौकट हे सगळं पांगलं आणि शेजार हरवला. त्यावर अभ्यासकांनी बरंच लिहिलं आहे. म्हणून आलेल्या कुटुंबांना खोल्या बघून देताना एका गावची, एका भाषेची माणसं जवळजवळ राहतील एवढं पाहा. ब्रिजवाडीत एक, मुकुंदवाडीत दुसरं आणि नारेगावात तिसरं असं विखुरलं, तर नंतर कितीही समुपदेशक आणले तरी त्या बायकांना संध्याकाळी एकमेकींकडे जाता येणार नाही.

पहिल्या पंधरवड्यात

आठ-दहा जणांचा गट करा. त्यात निम्मी माणसं विस्थापितांपैकी असावीत, निदान तीन तरी. विद्यार्थी असतील तर त्यांच्यातले जुने, ज्यांना हिंदी येतं आणि शहर माहीत आहे, ते घ्या. बायकांशी बोलायला बायका हव्यात. एक शाळेतला माणूस, एक आशा सेविका, एक कागदपत्रांची माहिती असलेला, आणि मशीद, विहार, मंदिर किंवा चर्च यांपैकी त्या लोकांच्या श्रद्धेशी जवळीक असलेला एक जण.

पहिलं काम म्हणजे वहीत तीन गोष्टी लिहिणं: कोण कुठे राहतं, लगेच काय हवं आहे, आणि ते चिकलठाण्यात कुठे मिळतं. तुमच्यावर काय काय गुदरलं, हा प्रश्न या वहीत येता कामा नये. हे मी फार आग्रहाने सांगतो. मदतीला येणारा प्रत्येक जण तोच प्रश्न विचारतो, आणि तांदळाच्या पिशवीसाठी त्या माणसाला आपल्या भावाचा मृत्यू पाच वेळा सांगावा लागतो.

लगेचच्या गरजांत कागद सर्वांत वर असतात, हे बाहेरून लक्षात येत नाही. निर्वासितांबाबतच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केलेली नाही, त्यामुळे परदेशी माणसाचं इथलं अस्तित्व व्हिसा आणि परदेशी नागरिकांची नोंदणी यांवर टिकून असतं. मुदत संपायला आलेला व्हिसा हे झोप उडायचं पुरेसं कारण आहे. नोंदणी कार्यालयात जाताना सोबत एक स्थानिक माणूस असला तर त्या विद्यार्थ्याचा रक्तदाब उतरतो, आणि हाही मानसिक आधारच. घरमालकांनी भाडेकरार लेखी करून द्यावा. विद्यापीठाकडे शुल्काचे हप्ते मागायचे असतील तर अर्ज लिहायला मदत करा. माणसं हरवली असतील, संपर्क तुटला असेल तर रेड क्रॉसच्या कुटुंबशोध सेवेकडे विचारणा करता येते.

मुलांना शाळेत घालायला कागद नाहीत म्हणून थांबू नका. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे वयाचा दाखला नाही या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही, आणि वयाला साजेशा वर्गात बसवून मागे राहिलेला अभ्यास भरून काढण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. मुख्याध्यापकांकडे हे कलम दाखवायला जा, पण भांडायला जाऊ नका. त्याच शाळेत ते मूल पुढची काही वर्षं काढणार आहे.

व्यवहारातली मदत मनापर्यंत पोहोचते यावर कुणाचा विश्वास बसत नसेल, तर आपल्याच रेल्वेमार्गावरची घटना आठवावी. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर थकून झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे, मध्य प्रदेशातले. टाळेबंदीत, गावी जाणारी गाडी मिळेल या आशेने रुळांवरून चालत निघाले होते. त्यांना त्या रात्री समुपदेशकाची गरज नव्हती. गाडी कधी सुटणार हे सांगणारा एक खात्रीचा माणूस आणि रात्रीपुरतं छप्पर हवं होतं.

बोलावं कसं, गप्प कधी बसावं

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली. तिचा गाभा तीन क्रियापदांत मावतो: पाहा, ऐका, जोडून द्या. शिकायला एक दिवस पुरतो आणि त्यासाठी डॉक्टर असावं लागत नाही.

पाहा म्हणजे जाण्याआधी परिस्थितीचा अंदाज घ्या. घरात कोण आजारी आहे, कुणी जेवलेलं नाही, कोणतं मूल एकटं कोपऱ्यात बसलं आहे. ऐका म्हणजे शेजारी बसा, नाव सांगा, का आलात ते सांगा आणि मग थांबा. तो स्वतःहून बोलला तर मध्ये न तोडता ऐका. नाही बोलला तर चहा घ्या आणि परवा पुन्हा येतो म्हणून उठा. आणि परवा खरंच जा. विस्थापित माणसाने दिलेले शब्द मोडलेले फार पाहिलेले असतात, तुमचा एक पाळलेला शब्द दहा सांत्वनांपेक्षा जास्त काम करतो. जोडून द्या म्हणजे ज्याला जे हवं तिथपर्यंत सोबत नेऊन पोहोचवा. नुसता फोन नंबर हातात देऊन जबाबदारी संपत नाही.

काही वाक्यं आपल्या जिभेवर असतात, ती आवरा. ‘होईल सगळं ठीक’ म्हणू नका, होईलच असं तुम्हाला माहीत नाही. ‘तू नशीबवान, वाचलास’ म्हणू नका, कारण वाचल्याचाच अपराधभाव अनेकांना खात असतो. ‘रडू नकोस, पुरुष आहेस’ हे तर मुळीच नको. त्याऐवजी साधं बोला: ‘इतकं झाल्यावर कुणाचीही झोप जाईल.’ ‘आज काय केलं तर थोडं हलकं वाटेल?’ आणि आपल्या गावाकडची हक्काची विचारपूस, ‘जेवलास का?’, ती कुठल्याही भाषेत पोहोचते.

आघात झाल्याबरोबर सर्वांना गोळा करून प्रत्येकाकडून अनुभव वदवून घ्यायचा, मन मोकळं करायचं, ही पद्धत एकेकाळी फार चालली. तपासण्यांत तिचा फायदा दिसला नाही, काहींना त्रास वाढला, आणि म्हणून आता ती करू नये असं सांगितलं जातं. मन मोकळं केलंच पाहिजे ही आपली प्रामाणिक समजूत आहे, पण ते कधी, कुणापाशी आणि किती करायचं हे त्याचं त्याला ठरवू द्या.

भाषांतराला घरातलं मूल बसवू नका. बापावर झालेल्या मारहाणीचं भाषांतर दहा वर्षांच्या मुलीने करावं, हा तिच्यावर नवा आघात असतो. अरबी जाणणारा वरिष्ठ विद्यार्थी, मदरशातले शिक्षक, विद्यापीठातला भाषेचा अभ्यासक असा मोठा माणूस शोधा आणि त्याच्याकडून आधी गुप्ततेचा शब्द घ्या. मात्र तो त्या युद्धात दुसऱ्या बाजूचा नाही ना, एवढं हळूच विचारून घ्या. एकाच देशातून आलेली माणसं म्हणजे एकाच बाजूची नव्हेत.

आजच्या युद्धाची एक गोष्ट पूर्वी नव्हती. बॉम्ब पडतो तिथे, आणि त्याचा व्हिडिओ दोन मिनिटांत सिडकोतल्या खोलीत फोनवर येतो. रात्र रात्र जागून मुलं बातम्या पाहतात, आईचा ‘लास्ट सीन’ तपासत राहतात. फोन बंद कर म्हणून उपयोग नाही, कारण तोच घराशी उरलेला धागा आहे. त्याऐवजी दोन-तीन मित्रांनी पाळी लावावी: आज रात्री बातम्या हा पाहील, काही गंभीर असेल तर उठवेल, बाकीचे झोपतील. झोपेचा असा बंदोबस्त झाला की दिवसाची चिडचिड, अभ्यासातलं दुर्लक्ष, भांडणं यांतलं बरंच कमी होतं.

ज्यांचं माणूस बेपत्ता आहे त्यांच्याशी बोलताना जपून. मृत्यू झाला तर शोक करता येतो, दिवस घालता येतात, दुवा मागता येते. बेपत्ता माणसाच्या बायकोला यातलं काहीच करता येत नाही. आशा सोडली तर विश्वासघात वाटतो, धरली तर जगता येत नाही. ‘आता मान्य कर’ असं तिला कुणी सांगू नये. तिच्या त्या अधांतरीपणात तिच्यासोबत बसणारी एखादी बाई मिळवून द्या.

मुलं, बायका, आणि कामाविना बसलेले पुरुष

मूल पुन्हा अंथरूण ओलं करू लागतं, आईला चिकटतं, विमानाचा आवाज आला की कानावर हात ठेवतं. चिकलठाण्यात विमानाचा आवाज रोजचा आहे, त्यामुळे हे विशेष लक्षात ठेवा. मुलाला रागावू नका. विमानतळ कुठे आहे, विमान कुठे जातं, किती वाजता येतं हे त्याला समजावून सांगा, जमलं तर लांबून उतरताना दाखवा. वेळ ठरलेली शाळा, रोज संध्याकाळी एक तास मैदान आणि इथल्या मुलांबरोबर खेळ, एवढ्याने बहुतेक मुलं काही महिन्यांत सावरतात. चित्रं काढू द्या, पण चित्रात बंदूक का काढलीस म्हणून उलटतपासणी नको.

बायकांसाठी जागा हवी, जिथे पुरुष येणार नाहीत आणि जिथे यायला कारण लागणार नाही. शिवणकाम, स्वयंपाक, मराठी शिकणं, काहीही निमित्त चालेल. बचत गटाची खोली यासाठी उत्तम. घरात मारहाण होत असेल, वाटेत कुणी त्रास देत असेल, तर ते अशाच जागी, तिसऱ्या-चौथ्या भेटीत बाहेर येतं. तेव्हा महिला मदतवाणी १८१ आणि जिल्ह्याचं सखी केंद्र यांची माहिती द्या, पण तक्रार करायची की नाही हा निर्णय तिचा. लहान मूल असेल आणि धोका असेल तर १०९८.

पुरुषांकडे दुर्लक्ष होतं. काल दुकानाचा मालक असलेला माणूस आज रेशनच्या रांगेत उभा असतो. तो समुपदेशनाला येणार नाही. पण एमआयडीसीतल्या एखाद्या लघुउद्योजकाला मशीन दुरुस्त करून द्यायला येईल. कायद्याने काम करण्याची मुभा कुणाला आहे हे आधी तपासा, विद्यार्थी व्हिसावर नोकरी करता येत नाही. जिथे पगारी काम शक्य नाही तिथे मान असलेली जबाबदारी द्या: मुलांना इंग्रजी किंवा गणित शिकवणं, गटाचा हिशेब ठेवणं, सामूहिक जेवणाची व्यवस्था.

म्हाताऱ्या माणसांना विचारा, तुमच्याकडे सण कसा व्हायचा? मग तो तसा करायला मदत करा. आणि ही विचारपूस फक्त परदेशी माणसांपुरती ठेवू नका. १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या भीतीने मराठवाड्यातली कितीतरी कुटुंबं रातोरात गाव सोडून निजामाच्या संस्थानाच्या हद्दीबाहेर गेली. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आल्यानंतर अनेक जिल्ह्यांत मुस्लिम कुटुंबांवर सूड उगवला गेला, पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा आकडा किमान सत्तावीस हजार सांगितला. दोन्ही बाजूंच्या घरांत ते बोललं गेलं नाही. मुक्तिसंग्राम दिनाला झेंडावंदन होतं, पण त्या वर्षी लहान असलेले जे आज नव्वदीकडे झुकले आहेत, त्यांना कुणी विचारलेलं नसतं. विस्थापितांसाठी गट उभा राहिला तर त्यातल्या तरुणांनी आपल्याही घरातल्या या म्हाताऱ्यांजवळ बसावं असं मला मनापासून वाटतं.

डॉक्टरकडे कधी

काही खुणा दिसल्या तर थांबू नका. जगण्यात अर्थ नाही असं बोलणं, निरोपाची भाषा, वस्तू वाटून टाकणं. दिवसच्या दिवस न जेवणं, अंथरुणातून न उठणं. नसलेले आवाज ऐकू येणं. दारू किंवा गोळ्यांवाचून दिवस न निघणं. बाळाकडे आईने पाहणंच सोडणं. आणि ज्यांना आधीपासून फिट येतात, स्किझोफ्रेनिया किंवा तीव्र मनोविकार आहे आणि पळापळीत औषधं सुटली आहेत, त्यांना तर पहिल्याच दिवशी न्या. गोंधळात हीच माणसं मागे राहतात.

चिकलठाण्याचं जिल्हा सामान्य रुग्णालय, म्हणजे मिनी घाटी, आपल्या हाकेच्या अंतरावर आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सरकारी यंत्रणेत आहे, मनोविकार विभागाच्या ओपीडीचे वार आणि वेळा आधीच जाऊन विचारून ठेवा, तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्यांना गटाची ओळख करून द्या. गुंतागुंतीच्या रुग्णासाठी घाटी, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. रात्री-अपरात्री टेलिमानस, क्रमांक १४४१६. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली ही सरकारी सेवा चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीत बोलता येतं. कुणी जिवाचं बरंवाईट करण्याच्या बेतात असेल तर त्याला एकटं सोडू नका, घरातली कीटकनाशकं, गोळ्यांचा साठा हलवा आणि सोबत दवाखान्यात जा. आत्महत्येचा प्रयत्न झाला तर पोलिसांच्या भीतीने कुटुंबं लपवतात. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ प्रमाणे अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं धरलं जातं आणि तिला उपचार देणं ही सरकारची जबाबदारी ठरते, हे त्यांना सांगा.

झोपेच्या गोळ्या मेडिकलमधून आणून वाटणारे हितचिंतक प्रत्येक ठिकाणी भेटतात. त्यांना रोखा. आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात ताणावर उपाय म्हणून या गोळ्या देऊ नयेत असा जागतिक आरोग्य संघटनेचा स्पष्ट सल्ला आहे, आणि सवय लागते ती वेगळीच.

शेंडा आणि तळ यांच्या मधली जागा गटाने भरायची असते. तज्ज्ञ नसलेली, पण नीट शिकवलेली माणसं नैराश्य आणि ताण कमी करू शकतात, याचे पुरावे आता भक्कम आहेत. युगांडातल्या ऱ्हायनो कॅम्पमध्ये दक्षिण सुदानी निर्वासित बायकांना ध्वनिमुद्रित सूचनांच्या आधारे पाच बैठकांत ताण हाताळायला शिकवलं गेलं. जवळजवळ सातशे बायकांवरच्या त्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२० मध्ये आले, तीन महिन्यांनी त्रास कमी झालेला दिसला. आपल्याकडे गोव्यात ‘संगत’ या संस्थेने सामान्य समुपदेशकांना घडवून हेच दाखवलं, आणि नाशिक जिल्ह्याच्या पेठ तालुक्यातल्या गावांत ‘आत्मीयता’ उपक्रमाने गावातल्याच बायाबापड्यांना या कामासाठी तयार केलं. चिकलठाण्यातला गट महिना-दोन महिने टिकला की अशा प्रशिक्षणासाठी मिनी घाटीमार्फत किंवा शहरातल्या समाजकार्य महाविद्यालयांमार्फत प्रयत्न करा. एकच अट: शिकवून सोडून देणारे नकोत. पंधरा दिवसांतून एकदा अनुभवी माणसाने गटाबरोबर बसून कुठे अडलं ते ऐकलं पाहिजे. कार्यकर्त्याच्याही स्वप्नात ती युद्धं येऊ लागतात, त्याला सुट्टी, अदलाबदल आणि स्वतःचं बोलायला जागा हवी.

गुप्ततेबद्दल कडक राहा. कुणाच्या घरात काय चाललंय हे गटाच्या व्हॉट्सअॅपवर यायला नको, नावासह तर कधीच नाही. मदत देताना फोटो काढायचे नाहीत, मग पाहुणा कितीही मोठा असो. २०१७ च्या कायद्याने मानसिक उपचार घेणाऱ्याची माहिती आणि छायाचित्र त्याच्या संमतीशिवाय प्रसिद्ध करायला मनाई केली आहे. युद्धातून आलेल्या माणसाला तर यात जिवाचा धोकाही असू शकतो, कारण मागे राहिलेल्या नातेवाइकांपर्यंत तो फोटो पोहोचतो.

वस्तीतल्या इतर गरिबांना वगळू नका. नदीकाठच्या पत्र्याच्या खोलीत राहणारं जालन्याचं किंवा बिहारचं कुटुंबही आपलं गाव मागे ठेवून आलं आहे. परदेशी मुलाला डबा आणि त्याला काही नाही, असं झालं की दोन महिन्यांत कुजबुज सुरू होते आणि कुणीतरी तिला धर्माचा रंग देतं. खेळाचं मैदान, शिवणवर्ग, गटाची बैठक हे सर्वांना खुलं असावं. अफवा उठली की त्याच दिवशी पोलिस ठाण्याला कळवा आणि दोन्ही बाजूंच्या चार वडीलधाऱ्यांना समोरासमोर बसवा.

काम चाललंय की नाही हे किती शिबिरं घेतली यावरून मोजू नका. तीन महिन्यांनी प्रत्येक घरी चारच प्रश्न विचारा: झोप लागते का, दिवसाची कामं होतात का, अडचण आली तर कुणाकडे जाल, आणि तुमचं मत इथे कुणी विचारतं का. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात तुमच्या गटाऐवजी शेजारणीचं नाव येऊ लागलं, की आधार मुळाशी पोहोचला असं समजा.

वर्षातले काही दिवस जड जातात, ते वहीत आधीच लिहून ठेवा. येमेनी कुटुंबांसाठी २६ मार्च, सुदानींसाठी १५ एप्रिल, युक्रेनहून परतलेल्यांसाठी २४ फेब्रुवारी, आणि ईद. परीक्षेचे निकाल लागतात तेही, कारण पदवी मिळाली की विद्यार्थी म्हणून राहण्याची मुदत संपते आणि पुढे कुठे हा प्रश्न उभा राहतो. त्या आठवड्यांत कुणी एकटं जेवणार नाही एवढं गटाने ठरवून घ्यावं, आणि पदवी हाती यायच्या सहा महिने आधीच त्या विद्यार्थ्याबरोबर बसून पुढचा अर्ज, पुढचा व्हिसा, पुढचा देश यांचा विचार सुरू करावा.